मोजता येईल एवढा देश

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला आणि एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला: आता तरी लोक लिनक्सकडे वळतील का? वळत आहेत, असे सांगणारे आकडेही लगोलग पुढे आले. डब्लिनमध्ये तयार होणाऱ्या झोरिन ओएस या लिनक्स-प्रणालीची १८वी आवृत्ती त्याच दिवशी प्रसिद्ध झाली. दोन दिवसांत ती सुमारे एक लाख वेळा उतरवून घेतली गेली आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक डाउनलोड विंडोजच्या यंत्रांवरून झाले, असे तिच्या निर्मात्यांनी जाहीर केले. त्याआधी, फेब्रुवारी २०२४मध्ये, वेबवरचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या जागतिक तक्त्यात डेस्कटॉपवरील लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच चार टक्क्यांच्या वर गेला होता. हे आकडे खोटे नाहीत. पण उतरवलेली फाइल म्हणजे बसवलेली प्रणाली नव्हे, आणि बसवलेली प्रणाली सहा महिन्यांनी वापरात असेलच असेही नाही. एकाच फाइलीवरून एका प्रयोगशाळेतली चाळीस यंत्रे सजू शकतात आणि चाळीस फाइली चाळीस पेनड्राइव्हमध्ये नुसत्या पडूनही राहू शकतात. जगाच्या बेरजेत या चुका काही प्रमाणात विरून जातात. एकेका लहान देशाचा विचार करू लागलो की त्या विरत नाहीत; पुष्कळदा चूक हाच आकडा होऊन बसतो.

ही प्रस्तावना त्या लहान देशांच्या मोजमापाची आहे. लहान म्हणजे किती, याचा अंदाज मराठी वाचकाला चटकन यावा म्हणून एक तुलना देतो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. २०२१च्या जनगणनेत इस्टोनिया या सार्वभौम देशाची लोकसंख्या होती १३ लाख ३१ हजार. म्हणजे गोव्याहूनही कमी माणसांचा देश, ज्याला स्वतःचे शिक्षण मंत्रालय आहे, स्वतःची भाषा आहे, स्वतःची संगणक-खरेदी आहे. अशा देशात मंत्रालयाच्या एका निविदेने साऱ्या शाळांचे चित्र पालटते, आणि परवान्यांपोटी परदेशी जाणारा पैसा अर्थसंकल्पात डोळ्यांत भरतो. म्हणूनच इथे मुक्तस्रोत प्रणाली वाढते आहे की नाही, हा प्रश्न हौशी मंडळींपुरता उरत नाही. त्या उत्तरावर पुढची खरेदी ठरते, शिक्षकांचे प्रशिक्षण ठरते, भाषांतराला पैसा द्यायचा की नाही हेही ठरते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लहान देशात टक्केवारीचा अंदाज हे सर्वांत दुबळे साधन आहे, कारण तिथे अंदाजाची गरजच नाही. तिथे यंत्रे मोजता येतात. आणि मोजायची ती नुसती आलेली यंत्रे नव्हेत, टिकलेली यंत्रे मोजायची.

आधी टक्केवारी येते कुठून ते पाहू. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर त्या संकेतस्थळाला स्वतःविषयी एक ओळ पाठवतो: मी अमुक ब्राउझर, अमुक प्रणालीवर चालतो. स्टॅटकाउंटरचा मोजणी-कोड ज्या संकेतस्थळांनी आपल्या पानांत घातला आहे, त्यांच्याकडच्या या ओळी गोळा होतात आणि त्यांतून देशवार तक्ते निघतात. इथे दोन गोष्टी विसरता येत नाहीत, आणि ती कंपनी त्या लपवतही नाही. पहिली म्हणजे मोजली जातात ती उघडलेली पाने. माणसे किंवा यंत्रे नव्हेत. दिवसाला दोनशे पाने चाळणारा एक विद्यार्थी दहा पाने चाळणाऱ्या वीस गृहस्थांच्या बरोबरीला येऊन बसतो. दुसरी गोष्ट अशी की देशांच्या आकड्यांना लोकसंख्येचे वजन दिले जात नाही. नेट अ‍ॅप्लिकेशन्स ही दुसरी संस्था वेगळ्या रीतीने मोजत असे. ती पानांऐवजी भेट देणारे मोजायची आणि देशोदेशींच्या इंटरनेट-वापरकर्त्यांच्या प्रमाणात वजनही द्यायची. साहजिकच एकाच महिन्याचे, एकाच जगाचे दोन निराळे आकडे निघत, आणि ज्याला जो सोयीचा तो तो उचलत असे. ब्राउझरमधल्या येऊ घातलेल्या बदलांमुळे आपली यंत्र ओळखण्याची पद्धत निकामी होणार, असे सांगून त्या संस्थेने २०२०मध्ये काम थांबवले. पुढे २०२२-२३च्या सुमारास क्रोमने ती ओळखीची ओळ खरोखरच छाटून गोठवली. मोजमापाचा पाया ज्या ओळीवर उभा आहे ती ओळ ज्यांच्या हाती आहे, त्यांना या मोजमापाशी काही देणेघेणे नाही.

लहान देशात, विशेषतः जिथे इंटरनेट मुख्यतः फोनवरून वापरले जाते तिथे, याचा परिणाम फार चमत्कारिक होतो. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ अशी सोय असते. ती सुरू केली की फोन आपली ओळख बदलतो आणि आपण लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप आहोत असे सांगू लागतो. सरकारी अर्ज फोनवर नीट उघडत नसला की लोक हेच करतात. आता हिशेब मांडू. समजा एका छोट्या देशात महिन्याला एक लाख पाने फोनवरून आणि वीस हजार पाने डेस्कटॉपवरून उघडली जातात, आणि डेस्कटॉपच्या पानांत लिनक्सची खरी पाने दोन टक्के, म्हणजे चारशे आहेत. फोनवरच्या शंभरांतले फक्त एक पान या डेस्कटॉप वेशात उघडले गेले, तर एक हजार खोटी लिनक्स-पाने तयार होतात. मोजणाऱ्याने यंत्राची दुसरी काही खूण तपासली नाही, तर त्याच्या तक्त्यात डेस्कटॉपची पाने एकवीस हजार आणि त्यांत लिनक्सची चौदाशे दिसतील, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून जास्त. दोनाचे साडेसहा झाले आणि त्या देशात एकाही यंत्रावर लिनक्स नव्याने बसलेले नाही. भारतासाठी स्टॅटकाउंटरने २०२४मध्ये लिनक्सचा वाटा पंधरा टक्क्यांच्या वर दाखवला, त्या आकड्यातही या वेशांतराचा काही भाग असावा असे मला वाटते. विंडोजशिवाय विकले जाणारे स्वस्त लॅपटॉप हे त्यामागचे दुसरे, जास्त खरे कारण असू शकेल. तक्त्यावरून मात्र या दोहोंत फरक करता येत नाही. उलट्या दिशेची चूकही आहेच. खासगीपणाची काळजी घेणारा टॉर ब्राउझर लिनक्सवर चालत असला तरी संकेतस्थळाला आपण विंडोजवर असल्याचे बरीच वर्षे सांगत असे, आणि लिनक्स वापरणाऱ्यांत अशी काळजी घेणारे अधिक असतात.

फोनमुळे होणारी आणखी एक चूक आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते, कारण तिच्यात कोणाचा वेश बदललेला नसतो. शंभर डेस्कटॉप आहेत, त्यांत तीन लिनक्सचे. चार वर्षांत चाळीस कुटुंबांनी जुना विंडोज संगणक बंद करून ठेवला, कारण त्यांचे सगळे काम फोनवर होऊ लागले. उरले साठ. लिनक्सचे तीन जागच्या जागी आहेत, पण वाटा तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर गेला. हा वाढीचा आलेख म्हणून छापला जातो. त्यात वाढलेले काहीच नाही. छेद घटला आहे. डेस्कटॉप सोडून जाणारे लोक सहसा हलका वापर करणारे असतात आणि मागे राहतात ते प्रोग्रामर, अभ्यासक, कार्यालये. म्हणजे लिनक्सचा वाटा नुसत्या या गाळणीनेसुद्धा वर्षानुवर्षे चढत राहू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. आकड्याची पातळी चुकली तरी दिशा बरोबर असते; वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी वजन वाढते आहे की घटते आहे हे त्यावर कळतेच. हा युक्तिवाद तेव्हाच खरा ठरतो जेव्हा काट्याची चूक रोज तेवढीच राहते. इथे ती तशी राहत नाही. फोनचे प्रमाण बदलते आहे, ब्राउझरची ओळ बदलते आहे, मोजणी-कोड घालणाऱ्या संकेतस्थळांची यादी बदलते आहे. तक्त्यात ‘अज्ञात’ नावाचा एक रकाना असतो. तो एका महिन्यात फुगला की बाकीचे सगळे आकसतात आणि पुढच्या महिन्यात तो ओसरला की सगळे वाढल्यासारखे दिसतात. मोठ्या देशात हजारो संकेतस्थळांच्या गर्दीत हे धक्के बरेचसे जिरतात. लहान देशात चारदोन लोकप्रिय स्थानिक संकेतस्थळांपैकी एकाने मोजणी-कोड काढून टाकला तरी आलेख उडी मारतो. शिवाय लहान देशात कधी कधी माणसांपेक्षा सर्व्हर अधिक बोलके असतात. तिथल्या डेटा सेंटरमधून चालणारे स्वयंचलित ब्राउझर आणि परक्यांना रस्ता देणाऱ्या व्हीपीएन सेवा त्या देशाच्या खात्यावर पाने जमा करतात, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सवरच चालतात. मोजणाऱ्या कंपन्या यंत्रमानवांना गाळायचा प्रयत्न करतात. पण गाळणीतून निसटलेला थेंब समुद्रात वेगळा दिसतो आणि ओंजळीत वेगळा.

आता मॅसिडोनियाकडे वळू, कारण मोजमापाचा सगळा गुंता एकाच घटनेत पाहायचा असेल तर याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आज उत्तर मॅसिडोनिया म्हणून ओळखला जाणारा हा देश २००२च्या जनगणनेनुसार वीस लाखांचा. २००७मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने प्रत्येक विद्यार्थ्यापुढे संगणक ठेवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी उबुंटू या लिनक्स-प्रणालीची शाळांसाठी बनवलेली आवृत्ती निवडली. जाहीर झालेला आकडा होता १ लाख ८० हजार जागांचा. वीस लाखांच्या देशात एवढ्या जागा म्हणजे दर अकरा माणसांमागे एक. त्या काळात जगभर ही बातमी लिनक्सच्या विजयाची म्हणून फिरली, आणि ती मोठी होती यात शंका नाही. पण या १ लाख ८० हजार जागांपैकी बहुतेक जागा म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हते. एनकम्प्युटिंग या कंपनीच्या उपकरणांमुळे एकाच संगणकाला अनेक पडदे आणि कळफलक जोडता येत, आणि सगळी मुले त्या एकाच पेटीची ताकद वाटून घेत. मग या देशात लिनक्स किती वाढले? जागा मोजल्या तर उत्तर १ लाख ८० हजार. बसवलेल्या प्रणाली मोजल्या तर त्याचा एक लहानसा अंश. इंटरनेटवरचे पत्ते मोजले तर एका शाळेतला सगळा वर्ग बहुधा एकाच पत्त्यामागे लपतो, आणि उत्तर जवळपास शाळांच्या संख्येइतके खाली येते. उघडलेली पाने मोजली तर उत्तर वेळापत्रकावर ठरते: तासाला मुलांनी पाने उघडली की गणिताचे खेळ खेळले, आणि मोजणी सत्र चालू असताना झाली की उन्हाळी सुट्टीत. चार पद्धती, चार उत्तरे, आणि त्यांतले कुठलेही चुकीचे नाही. यंत्रे विकत घेणाऱ्या मंत्रालयाला जागांचा आकडा हवा, सुरक्षेची काळजी वाहणाऱ्याला प्रणालींचा हवा, भाषांतरकाराला डोळ्यांपुढच्या पडद्यांचा हवा. प्रश्न न सांगता उत्तर छापण्याची सवय लागली आहे, ती इथे उघडी पडते.

आणि या चारही उत्तरांत जे येत नाही तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. १ लाख ८० हजार हा खरेदीचा आकडा आहे, पहिल्या दिवसाचा. शाळेतल्या यंत्रांना धूळ, वीज आणि मुले या तिन्हींशी सामना करावा लागतो. तिसऱ्या वर्षी किती जागा चालू होत्या, चालू असलेल्यांपैकी किती यंत्रांवर तीच प्रणाली होती, आणि किती शिक्षक ती आपणहून वापरत होते, याची उत्तरे खरेदीच्या घोषणेत असूच शकत नाहीत. सरकारी हुकमाने आलेल्या संख्येला वाढ म्हणायचे का, असाही आक्षेप इथे घेतला जातो. मी म्हणेन, जरूर म्हणावे, पण पहिल्या वर्षी नव्हे. हुकमाने यंत्र येते. ते मोडल्यावर दुरुस्त होते की फेकले जाते, नव्या निविदेत तीच प्रणाली पुन्हा मागितली जाते की नाही, हे हुकमावर अवलंबून नसते. तिथे वापरणाऱ्यांचे मत उमटते.

क्युबाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. हवानाजवळच्या संगणकशास्त्र विद्यापीठात ‘नोव्हा’ नावाची लिनक्स-प्रणाली तयार झाली आणि फेब्रुवारी २००९मध्ये ती जगापुढे मांडली गेली. कारणे उघड होती. अमेरिकी निर्बंधांमुळे विंडोज रीतसर विकत घेता येत नव्हते, आणि ज्या देशाशी वैर त्याच देशातल्या कंपनीच्या बंद प्रणालीवर सरकारचा कारभार चालवणे धोक्याचे वाटत होते. पाच वर्षांत देशातले निम्म्याहून अधिक संगणक मुक्त प्रणालीवर जावेत, अशी आशा तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुखांनी तेव्हा व्यक्त केली. ही आशा फळली की नाही, हे सांगायचे तर निम्मे कशाचे, हे आधी ठरवावे लागते. सामान्य नागरिकांना संगणक विकत घेण्याची मुभाच क्युबात २००८मध्ये मिळाली होती. म्हणजे लक्ष्य ठरवले तेव्हाच छेद धावायला लागला होता. कार्यालयांतली यंत्रे हळूहळू नोव्हावर जात असताना घराघरांत बिनपरवान्याचे विंडोज असलेली यंत्रे येत राहिली, तर अंश वाढूनही टक्का घटतो. त्यात क्युबातली पुष्कळ कार्यालये दीर्घकाळ देशाच्या अंतर्गत जाळ्यावर काम करत होती, आणि बाहेरच्या संकेतस्थळांवर बसलेल्या मोजणी-कोडाला ती दिसणारच नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे जे दिसते ते हॉटेलांतले, विद्यापीठांतले आणि फोनवरचे क्युबा. टक्क्यात मांडलेले लक्ष्य अशा देशात पूर्णही होत नाही आणि चुकतही नाही. ते तपासताच येत नाही. त्याऐवजी अमुक मंत्रालयांतली अमुक हजार यंत्रे, असे लक्ष्य असते तर ते तपासता आले असते.

मग टिकलेले मोजायचे कसे? लोकांनी आपणहून नाव नोंदवावे हा सर्वांत जुना उपाय. नॉर्वेच्या हारल्ड आल्वेस्ट्रांड यांनी १९९३मध्ये ‘लिनक्स काउंटर’ सुरू केला. माणसाने नाव, देश, यंत्र नोंदवायचे आणि आपला क्रमांक मिळवायचा. देशवार याद्या त्यातून निघत आणि दर लाख लोकसंख्येमागे किती नोंदी, यावर लहान देशांची मंडळी अभिमानाने चर्चा करत. त्याची उणीव पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. उत्साहाच्या भरात नाव घालायला माणूस येतो. लिनक्स सोडल्यावर नाव खोडायला कोणी येत नाही. अशी यादी फुगतच जाते. याच दोषावर फेडोरा या लिनक्स-प्रणालीच्या प्रकल्पाने २०२०मध्ये, आपल्या ३२व्या आवृत्तीपासून, एक फार नेटका तोडगा काढला. फेडोराचे यंत्र अद्ययावत होण्यासाठी सर्व्हरला विचारणा करतच असते. आठवड्यातून एकदा त्या विचारणेसोबत ते एकच छोटा अंक पाठवते, एक ते चार. एक म्हणजे प्रणाली बसवून पहिलाच आठवडा चालू आहे. दोन म्हणजे पहिला महिना. तीन म्हणजे पहिले सहा महिने. चार म्हणजे त्याहून जुने यंत्र. नाव नाही, ओळखक्रमांक नाही. पण या चार पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या की बसवून महिन्याभरात काढून टाकणारे किती आणि सहा महिन्यांहून अधिक टिकणारे किती, हे दिसू लागते. पहिली पेटी भरून वाहते आहे आणि चौथी जागची हललेली नाही, तर ती नुसती वर्दळ. चौथी पेटी हळूहळू भरते आहे, तर ती वाढ, मग पहिली कितीही लहान असो.

मोजणी म्हणजे पाळत, आणि पाळतीला कंटाळूनच तर लोक मुक्तस्रोताकडे आले, हा आक्षेप इथे घेतला जातो. तो मनापासूनचा आहे आणि मी तो हलका मानत नाही. लहान देशात तर तो अधिकच खरा आहे, कारण पन्नास हजार लोकसंख्येच्या ठिकाणी ‘अमुक गावातला लिनक्स वापरणारा’ एवढ्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. पण फेडोराच्या पद्धतीने दाखवून दिले आहे की वय मोजायला ओळख लागत नाही. लहान देशाच्या विद्यापीठाने आपल्या देशातल्या यंत्रांसाठी अद्ययावतीकरणाचा स्थानिक सर्व्हर चालवला आणि तिथे एवढाच अंक आठवड्याला एकदा गोळा करून देशभराची एकत्र बेरीज छापली, तर कोणाच्या घराचे दार ठोठावावे लागत नाही. हा अंक पाठवायचा नसेल त्याला तो बंद करता येईल, हेही हवेच. माणसे गळाली तरी चालतील. गळणाऱ्यांचे प्रमाण दर वर्षी फारसे बदलले नाही, की चौथ्या पेटीचा कल खरा राहतो.

घरांपेक्षा संस्थांची मोजणी सोपी. आपल्याकडे प्रत्येक शाळेत आणि कार्यालयात डेड स्टॉक रजिस्टर असते. टेबल-खुर्चीपासून संगणकापर्यंत प्रत्येक वस्तूची त्यात नोंद होते आणि वर्षातून एकदा तपासणी. या ना त्या नावाने अशी नोंदवही जगातल्या बहुतेक सरकारी संस्थांत असते. त्यात दोन रकाने वाढवायचे: यंत्रावर सध्या कोणती प्रणाली आहे, आणि गेल्या तपासणीला कोणती होती. मोठ्या देशात हे काम राज्ये, खाती आणि लाखो संस्थांच्या जंजाळात अडकते. दहा-वीस लाखांच्या देशात ते एका खात्याच्या आवाक्यातले आहे. लहान देशांकडे एवढी यंत्रणा नसते असे कोणी म्हणेल, तर त्याला म्युनिककडे बोट दाखवता येते. म्युनिक हे शहर आहे, पण लोकसंख्येने इस्टोनियाहून मोठे. तिथल्या नगरपालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला, सुमारे १५ हजार यंत्रे बदलून २०१३मध्ये तो प्रकल्प पुरा केला, आणि २०१७मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरवले. या माघारीचे मुक्तस्रोताच्या समर्थकांना फार वाईट वाटले. मला मात्र त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. जाणे आणि परतणे, दोन्ही यंत्रांच्या संख्येत सांगता आले, आणि म्हणून त्यावर वाद घालता आला. जर्मनीच्या राष्ट्रीय टक्केवारीत ही उलथापालथ कधीच दिसली नसती.

राहिला घरांचा प्रश्न, आणि त्यासाठी इस्टोनियाकडे परत यावे लागते. या देशात २००५पासून नागरिक इंटरनेटवरून मतदान करतात. त्या पहिल्या वेळी असे मत देणारे ९,३१७ होते. मार्च २०२३च्या संसद निवडणुकीत ही संख्या ३ लाख १२ हजारांहून अधिक झाली आणि एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त मते पहिल्यांदाच या मार्गाने आली. मत देण्यासाठी एक खास प्रोग्राम उतरवून घ्यावा लागतो. तो विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींसाठी वेगवेगळा मिळतो, आणि २०२३मध्ये तो फोनवर चालत नव्हता, संगणकच लागत होता. मोजमापाच्या दृष्टीने याहून चांगली परिस्थिती कल्पूनही सापडणार नाही. एका माणसाचे एकच मत धरले जाते. एखाद्याने मत बदलले तर शेवटचेच ग्राह्य. दोनशे पाने चाळणाऱ्याचे वजन इथे दहा पाने चाळणाऱ्याहून तसूभरही जास्त नाही. फोन डेस्कटॉपचा वेश घेऊ शकत नाही, डेटा सेंटरमधला यंत्रमानव मतदार यादीत नाही. तीनपैकी कोणत्या प्रोग्राममधून किती मते आली, एवढी एकत्र बेरीज मतदाराची गुप्तता न दुखावता काढता येते आणि ती दर निवडणुकीला त्याच कसोटीवर पुन्हा काढता येते. मतदानाचे वय न झालेली मुले यात नाहीत, ज्यांनी कागदावर मत दिले ते नाहीत, आणि काहींनी कार्यालयातल्या यंत्रावरून मत दिले असेल, हे सगळे मान्य. पण या उणिवा ठाऊक आहेत आणि एका निवडणुकीतून दुसरीत त्या फारशा हलत नाहीत. ज्या चुकीचा आकार माहीत आहे ती चूक मोजमापाला मारत नाही.

इस्टोनियासारखे मतदान सगळीकडे नाही, हे खरे. पण त्या जागी बसेल असे काहीतरी जवळपास प्रत्येक लहान देशात असते: कर भरण्याचा प्रोग्राम, विद्यापीठ-प्रवेशाचा अर्ज, शिक्षकांच्या हजेरीची प्रणाली. ज्या दारातून जवळपास सगळ्यांना वर्षातून एकदा जावे लागते, त्या दाराशी मोजावे. मात्र त्या दारातून लिनक्सवाल्यालाही जाता आले पाहिजे. जो सरकारी प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, तो लिनक्स मोजत तर नाहीच, उलट वर्षातून एकदा लिनक्सवाल्याला विंडोजकडे ढकलतो. इस्टोनियाच्या ओळखपत्राचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे आणि उबुंटूवर चालते, म्हणून तिथे हा प्रश्न सुटला.

शेवटचा आक्षेप मराठी वाचकाच्या जवळचा आहे. वापराची संख्या हेच सर्वस्व मानले तर ज्या कामाचा लाभ संख्येत उमटत नाही त्याचे काय? काठमांडू खोऱ्यातल्या मदन पुरस्कार पुस्तकालयाने २००५मध्ये ‘नेपालिनक्स’ काढले. भूतानने त्यानंतर वर्षभरात झोंखा भाषेतले लिनक्स सिद्ध केले आणि डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या इन्स्टॉलरमध्ये झोंखा येऊन बसली. दोन्ही प्रणाली वापरणारे थोडे होते. पण जोडाक्षरे नीट दिसावीत, कळफलक जुळावा, क्रमवारी लागावी, यासाठी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये झालेली कामे वितरण बंद पडले तरी मागे उरतात. देवनागरीसाठी केलेली दुरुस्ती नेपाळीपुरती राहत नाही. मराठी आणि हिंदीलाही ती मिळते. पुण्यातून वर्षानुवर्षे राखल्या गेलेल्या ‘लोहित’ टंकांची गोष्टही तशीच. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्याचा अर्थ एवढाच की भाषांतरित वाक्ये, दुरुस्त झालेले दोष, मूळ प्रकल्पात स्वीकारले गेलेले बदल यांची मोजणी यंत्रांच्या मोजणीशेजारी स्वतंत्र ठेवावी. या दोन्ही मोजण्या पूर्णांकांत होतात. यंत्रांच्या वाट्याचा टक्का काढायला गेलो की मात्र नेपालिनक्ससारखे काम शून्यानंतरच्या दशांशात कुठेतरी दिसेनासे होते.

विंडोज १०च्या शेवटानंतर येत्या दोन-तीन वर्षांत लहान देशांतल्या अनेक शाळा आणि कार्यालये जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवतील आणि त्याच्या बातम्या येतील. बसवणाऱ्यांना एक विनंती आहे. आज किती यंत्रांवर बसवले त्याची तारीखवार यादी ठेवा, आणि तेच लोक, त्याच यंत्रांपाशी, २०२८मध्ये पुन्हा जा. मॅसिडोनियाच्या १ लाख ८० हजार जागांची अशी फेरमोजणी, शाळेशाळेतून, एका शैक्षणिक वर्षात पुरी झाली असती.